मोबाइल येतो, कॉम्प्युटर येत नाही: ऑफिसात पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

आमच्याकडे नवीन लागणारी मुलं-मुली बहुतेक घणसोली, कळवा, दिव्याकडची असतात. बारावी किंवा बीकॉम झालेली. फोनवर रील एडिट करतात, तिकीट काढतात, पैसे पाठवतात, सगळं चुटकीसरशी. कॉम्प्युटरसमोर बसवलं की मात्र पहिल्या आठवड्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "ताई, फाइल उडाली."

फाइल उडालेली नसते. कुठेतरी पडलेली असते, कुठे ते ठाऊक नसतं इतकंच. फोनमध्ये ही वेळच येत नाही. फोटो काढला की गॅलरीत जातो, आपल्याला कोणी काही विचारत नाही. कॉम्प्युटर विचारतो: कुठे ठेवू? कोणत्या नावाने ठेवू? हे न वाचता जो ओके दाबतो त्याची फाइल 'बुक1' नावाने कुठल्या तरी फोल्डरात जाऊन बसते. क्लासमध्ये पहिल्या दिवशी मॉनिटर, माउस आणि सीपीयूची आकृती वहीत काढून घेतात, ती नाही काढली तरी चालेल. फाइल कुठे ठेवली आणि परत कशी काढायची, हे ज्याला कळलं त्याला बाकीचं कामावर शिकता येतं.

मी तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात एका अडत्याच्या गाळ्यावर ऑपरेटर म्हणून सुरुवात केली. आता वाशीत ट्रान्सपोर्टचं बिलिंग बघते आणि नवीन माणसाला हाताखाली घेऊन शिकवण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलंय. त्यामुळे खालचं सगळं ऑफिसच्या टेबलावरचं आहे, पुस्तकातलं नाही.

मशीनबद्दल थोडकंच. तुम्ही उघडून बसलेलं काम रॅममध्ये असतं आणि वीज गेली की रॅम कोरी होते. सेव्ह केलेलं काम डिस्कवर जातं, ते राहतं. '8 जीबी रॅम, 512 जीबी एसएसडी' म्हणतात त्यात पहिला आकडा कामाच्या जागेचा, दुसरा साठवणुकीचा. म्हणून दर थोड्या वेळाने कंट्रोल आणि एस दाबून सेव्ह करायची सवय बोटांना लावा. चुकून काही पुसलं गेलं तर कंट्रोल-झेड. एवढ्यावर बरेच दिवस निघतात.

आता फाइलीकडे. आधी एक मोठा फोल्डर करा, त्यात वर्षाचा, वर्षात महिन्याचा. नाव देताना तारीख उलटी लिहा, म्हणजे वर्ष, महिना, मग दिवस: 2025-04-09 पट्टी कांदा (पट्टी म्हणजे माल विकल्याच्या हिशेबाचा कागद). असं केलं की नावाने लावलेल्या फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. 'फायनल', 'फायनल न्यू', 'फायनल लास्ट' अशी नावं दिलेली फोल्डरं मी बघितली आहेत. त्यातली खरी फायनल कुठली ते देणाऱ्यालाही सांगता येत नाही.

फाइल सापडत नसेल तर घाबरून नवीन टाइप करायला बसू नका. विंडोज की आणि ई दाबलं की फाइल एक्सप्लोरर उघडतो, तिथे बदलाच्या तारखेप्रमाणे लावून बघा. एक्सेल किंवा वर्डमध्ये फाइल मेनूतल्या ओपनखाली नुकत्याच वापरलेल्या फाइलींची यादी असते. ब्राउझरमधून उतरवलेलं काही हवं असेल तर कंट्रोल-जे. डिलीट झालं असेल तर रिसायकल बिन बघा, पण पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेलं सहसा तिथे जात नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

नावाच्या शेवटी डॉटनंतर काय आहे तेही दिसू द्या. विंडोज 11 च्या फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, मग 'फाइल नेम एक्स्टेंशन्स' अशी खूण करायची. डॉट पीडीएफ म्हणजे वाचायचा कागद, डॉट एक्सएलएसएक्स म्हणजे एक्सेल, डॉट ईएक्सई म्हणजे चालणारा प्रोग्राम. मेलमधून आलेलं 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' हे शेवट लपलेला असेल तर साधं बिल दिसतं आणि माणूस बिनधास्त उघडतो. फोनवर लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल (म्हणजे फोनवर चालणारा प्रोग्राम) येते, ती याच जातीची. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा, तो सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर आहे. उशीर होईल तशी रक्कम अडवणं अवघड होतं.

'क्लाउडवर आहे' असं ऑफिसात सारखं कानावर पडेल. त्यात आकाशातलं काही नाही. ती दुसऱ्या कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर, इंटरनेटवरून पोचता येईल अशा जागी ठेवलेली फाइल असते. ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने वाशीला येताना ऐरोली, रबाळे, महापे हा जो पट्टा लागतो, त्यात अशी डेटा सेंटरं उभी आहेत. तुमची फाइल नेमकी कुठल्या गावात आहे ते कळत नाही, पण कुठल्या तरी इमारतीत, विजेवर चालणाऱ्या डिस्कवरच असते.

एक्सेलवर मात्र जरा थांबू, कारण नोकरी बहुतेक त्यावरच मिळते. मार्केटमध्ये शेतकऱ्याला माल विकल्यावर हिशेबाची पट्टी द्यायची असते. समजा कांद्याच्या 40 गोणी, वजन 2,080 किलो, भाव किलोला 18 रुपये. नवीन मुलगा काय करतो? शेजारी कॅल्क्युलेटर घेतो, गुणाकार करतो, 37,440 हे उत्तर पडद्यावर टाइप करतो. एक्सेलची त्याने वही करून टाकली! सी2 मध्ये (सी कॉलमचं दुसऱ्या ओळीतलं घर) वजन, डी2 मध्ये भाव लिहा आणि ई2 मध्ये बरोबरचं चिन्ह टाकून सी2, गुणाकारासाठी चांदणी (*), डी2 असं लिहून एंटर करा. पुढच्या घरांमध्ये हमाली, तोलाई, गाडीभाडं लिहा आणि शेवटच्या घरात ते वजा करा. आता शेठ आतून ओरडले, "भाव साडेअठरा धर," तर तुम्ही फक्त डी2 बदलायचा. रक्कम आपोआप 38,480 होते, खालची निव्वळ रक्कमही बदलते. आणि ई2 चा कोपरा धरून खाली ओढला की पुढच्या सगळ्या शेतकऱ्यांना तेच सूत्र लागतं. हे एकदा डोळ्यांसमोर घडलं की मुलं स्वतःहून पुढचं विचारायला लागतात.

एक्सेलला हिशेबाचा आकडा आणि ओळखीचा नंबर यातला फरक कळत नाही, तो तुम्हाला कळायला हवा. बँक खात्याचा नंबर शून्याने सुरू होत असेल तर ते शून्य एक्सेल गिळतं. बारा आकडी आधार नंबर टाकला की घरात 1.23 आणि ई असलं काहीतरी दिसतं. सोळा आकडी नंबर टाकला तर शेवटचा आकडा चक्क शून्य होतो, कारण एक्सेल पंधराच आकडे नेमके जपतं. ज्याची बेरीज करायची नाही ते सगळं टेक्स्ट समजा: आधी तो कॉलम टेक्स्ट करा आणि मगच नंबर टाका. नंतर टेक्स्ट करून गेलेला आकडा परत येत नाही.

मराठी टायपिंग शिकताना श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टांपासून सुरुवात करू नका. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर तुमचं पत्र इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उघडतं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर चालणाऱ्या पद्धतीत टाइप करा, ते फोनवरही वाचता येतं. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की विंडोज की आणि स्पेसने कीबोर्ड बदलता येतो. इनस्क्रिप्ट नावाच्या मराठी कीबोर्डमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बरीचशी व्यंजनं उजव्या. के दाबलं की क, डी दाबलं की पाय मोडतो. सुरुवातीला हात फार अडखळतो, त्याला इलाज नाही. सरकारी लिपिक-टंकलेखकाची जागा हवी असेल तर मराठी मिनिटाला 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचं प्रमाणपत्र लागतं. एमएस-सीआयटीही करून ठेवा, सरकारी फॉर्मात विचारतात. खासगी ऑफिसात ते प्रमाणपत्र मला कोणी दाखवायला सांगितलं नाही.

ऑनलाइन फॉर्म भरताना 'फोटो 20 ते 50 केबी' असं लिहिलेलं असतं आणि फोनचा फोटो तीन-चार एमबीचा, म्हणजे तीन-चार हजार केबीचा असतो. आकार कमी करायला पेंटमधलं रिसाइझ पुरतं. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याच्या मशीनवर फॉर्म भरलात तर उठण्याआधी मेलमधून लॉग आउट करा आणि उतरवलेली आधारची पीडीएफ शिफ्ट-डिलीटने काढा. तिथल्या डेस्कटॉपवर कोणाकोणाची रेशनकार्डं पडलेली असतात, सांगायची सोय नाही.

सरावासाठी घरी मशीन घेणार असाल तर नवीनच हवं असं नाही. पण जुनं घेताना त्यावर विंडोज 11 चालतं का ते विचारा. विंडोज 10 ला मिळणारे नेहमीचे मोफत अपडेट ऑक्टोबर 2025 मध्ये बंद झाले आणि बरीच जुनी मशीनं 11 घेतच नाहीत. वर्ड-एक्सेल विकत घ्यायला पैसे नसतील तर लिब्रेऑफिस फुकट आहे आणि सूत्रं जवळपास तीच.

मुलाखतीला आलेल्यांना मी प्रश्न फारसे विचारत नाही. एक फोल्डर उघडून देते आणि सांगते, मार्चचं बिल शोधा, त्याची पीडीएफ करा आणि या पत्त्यावर मेल करा. इतर ऑफिसांतही थोडंफार असंच करून बघतात. मेल करताना आधी फाइल जोडा, मग विषय लिहा, मग मजकूर, आणि समोरच्याचा पत्ता सगळ्यात शेवटी टाका. पत्ताच नसेल तर चुकून सेंड दाबलं तरी अर्धवट मेल जात नाही.