गस्तीचा टॅग दारावर नको, गेजपाशी हवा

सोसायटीत रात्रीच्या गस्तीसाठी आरएफआयडी टॅग (वॉचमनने हातातला रीडर टेकवला की तो तिथे आल्याची वेळ नोंदवली जाते, अशी छोटी चिप) बसवताना तो पंपरूमच्या दारावर लावू नका. वॉचमन बाहेरूनच रीडर टेकवून पुढे जातो आणि काम न होताच नोंद पडते. टॅग फायर पंपाच्या प्रेशर गेजशेजारी, छातीच्या उंचीवर लावा. मग काटा कुठे आहे आणि पंपाच्या पॅनेलचा स्विच ‘ऑटो’वर (पंप आपोआप सुरू होईल असा) आहे का, हे नजरेस पडतंच.

पत्र्याच्या पॅनेलवर साधा स्टिकर टॅग चिकटवला तर तो बहुधा वाचलाच जात नाही, कारण धातू रीडरचं चुंबकीय क्षेत्र दाबून टाकतो. मागे फेराइटचा (एका चुंबकीय पदार्थाचा) थर असलेला ‘ऑन-मेटल’ टॅग घ्या, नाहीतर सरळ बाजूच्या भिंतीवर लावा. मोबाइलने वाचायचे असतील तर १३.५६ मेगाहर्ट्झचे एनएफसी टॅग लागतात. १२५ किलोहर्ट्झचे फोन वाचत नाही.

नुसती हजेरी पुरत नाही. वॉचमनच्या खिशात चार टॅगांचं कार्ड द्या: ‘ठीक’, ‘प्रेशर कमी’, ‘गळती’, ‘दिवा बंद’. आधी जागेचा टॅग, लगेच स्थितीचा. रीडरचं घड्याळ दर आठवड्याला लावून घ्या. ते पाच मिनिटं मागे पडलं तरी सीसीटीव्हीच्या वेळेशी मेळ बसत नाही.