गुन्हेगारी माहितीपटाला गुण देताना
खऱ्या गुन्ह्यावरील माहितीपटाचे परीक्षण लिहिण्यापूर्वी त्या खटल्याचा निकाल उपलब्ध असल्यास वाचून घ्यावा. नुसत्या उत्कंठेला गुण देऊ नयेत. प्रसंगांची नाट्यमय पुनर्रचना मात्र विशेष बारकाईने तपासावी. एरल मॉरिस यांच्या ‘द थिन ब्लू लाइन’मध्ये (१९८८) डॅलसमधील पोलिसाच्या हत्येचा एकच प्रसंग परस्परविरोधी जबान्यांनुसार पुन्हापुन्हा उभा केला असल्यामुळे प्रत्येक जबानीविषयी प्रेक्षकाच्या मनात शंका निर्माण होते; या प्रकरणात दोषी ठरलेले रँडल ॲडम्स १९८९ मध्ये तुरुंगातून सुटले. याउलट एकाच बाजूचे कथन निर्विवाद सत्य म्हणून रंगवले असेल, तर छायाचित्रण कितीही देखणे असो, पाचपैकी दोनपेक्षा अधिक तारे देणे मला पटत नाही. मृताच्या कुटुंबीयांना किती स्थान मिळाले, हेही नोंदवावे.