लोकांना 'तुमच्या पद्धतीने करा' म्हणताय? मग या चुका टाळा

लोकांनी बदलून पुढे न्यावी अशी प्रचारसामग्री देताना होणारी सगळ्यात मोठी चूक आधी, कारण तिच्यापायी एक चांगली कार्यकर्ती तुटलेली मी पाहिली आहे. जलसंधारणाचं काम करणाऱ्या एका संस्थेसाठी आम्ही श्रमदानाचा छोटा व्हिडिओ केला आणि खाली लिहिलं, 'तुमच्या पद्धतीने पुढे न्या.' धुळ्याकडच्या एका मुलीने ते खरं मानलं. आमचं पुस्तकी निवेदन काढून तिने स्वतःच्या आजीचा अहिराणी आवाज घातला आणि शेवटी गावातली कोरडी विहीर जोडली. व्हिडिओ तिकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरायला लागला, आणि ऑफिसातून तिला फोन गेला: लोगो कापला गेलाय, भाषा प्रमाण नाही, काढून टाका. तिने काढला. ग्रुपही सोडला. पुढच्या श्रमदानाला त्या गावातून कुणी आलं नाही.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. कुणी बदल केला की आधी त्यांच्या नावासकट संस्थेच्या पेजवर टाकायचा. तारीख किंवा आकडा चुकला असेल तर तेवढाच खासगीत सांगायचा. भाषेला हात लावायचा नाही.

२०१४ चं आइस बकेट चॅलेंज, म्हणजे डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घ्यायचं, देणगी द्यायची आणि पुढच्याला आव्हान द्यायचं, हे कुठल्या संस्थेच्या बैठकीत ठरलं नव्हतं. लोकांनी ते उचललं, आणि त्या उन्हाळ्यात एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे सुमारे साडेअकरा कोटी डॉलर जमले. त्याच वर्षी हैदराबादच्या एका पत्रकार बाईंनी बर्फाच्या पाण्याऐवजी तांदळाची बादली भरून गरजूला दिली, आणि राइस बकेट चॅलेंज उभं राहिलं. कल्पना हातातून सुटली म्हणूनच ती इथवर पोचली.

दुसरी चूक: बंद फाइल देणं. लोगोसकट चपटं केलेलं, म्हणजे काहीच वेगळं करता येणार नाही असं पोस्टर पाठवायचं आणि 'लोक काही करतच नाहीत' म्हणायचं, हे मला पटत नाही. मजकुराविना चित्र द्या, आवाजाविना व्हिडिओ द्या, कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइन साधनातला टेम्प्लेट द्या. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोन-संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरांतच असू द्या. जुन्या फॉन्टमधली फाइल समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर नुसती अगम्य चिन्हं दाखवते. मी 'मुक्त' फॉन्ट वापरते. तो सगळ्यांसाठी खुला आहे.

परवाना, म्हणजे लोकांनी या सामग्रीचं काय केलेलं चालेल, ते लिहायला विसरू नका. काहीच लिहिलं नाही तर कायद्याने सगळे हक्क राखीव धरले जातात. 'प्रथम बुक्स'चं स्टोरीवीव्हर हे मुलांच्या गोष्टींचं संकेतस्थळ २०१५ पासून गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'सीसी बाय' या खुल्या परवान्याने देतं: श्रेय द्या, मग भाषांतर करा, बदला. 'सुरक्षित वाटतं' म्हणून त्यातलाच एनडीचा ('नो डेरिव्हेटिव्ह्ज') पर्याय निवडाल, तर बदललेली प्रत पुढे पाठवायलाच मनाई होते.

सिनेमाचं गाणं पार्श्वभूमीला नको; हक्कदाराने दावा केला की आवाज बंद होऊ शकतो.

हॅशटॅगमध्ये जागा सोडू नका, तो तिथेच तुटतो.

मुलांचे चेहरे मात्र या सामग्रीत कधीच नकोत. पालकांनी एका पोस्टरसाठी हो म्हटलं, म्हणजे कुणीही त्या चेहऱ्यावर काहीही लिहावं याला हो म्हटलं असं होत नाही. इथे घाई करणाऱ्या नव्या मुलामुलींशी मी भांडते, आणि यापुढेही भांडेन.