ओतीव गोळ्यांवरचे जुने वंगण बदलताना या चुका टाळा

वर्षानुवर्षे डब्यात पडून राहिलेल्या ओतीव शिशाच्या गोळ्यांच्या खाचांमधले वंगण आक्रसते, कडक होते आणि हात लावताच खपल्यांसारखे गळू लागते. अशा गोळ्या झाडल्यावर बंदुकीच्या नळीत शिशाचा थर बसला, की अमेरिकेतला हौशी नेमबाज सगळा दोष वंगणाला देऊन ते काढण्यासाठी अख्खा साठा पाण्यात उकळायला घेतो. पहिली चूक इथेच होते, कारण थर बसण्यामागे पुष्कळदा गोळीचा कमी व्यास असतो. ओतीव गोळी नळीच्या आतील व्यासाहून, तोही आट्यांच्या (नळीच्या आतल्या सर्पिल खाचांच्या) तळाशी मोजलेल्या, साधारण ०.००१ इंचाने जाड असावी; .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसासाठी ०.४५२ आणि .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसासाठी ०.३५८ इंच हे नेहमीचे माप आहे. गोळी सैल असेल तर तप्त वायू तिच्या कडेने निसटून शिसे खरवडतो आणि मग कितीही उंची वंगण लावले तरी उपयोग होत नाही. म्हणून आधी मायक्रोमीटर हातात घ्यावा.

वंगण बदलणे खरोखर अटळ ठरते ते काळ्या दारूकडे (बंदुकीच्या जुन्या पद्धतीच्या, धूर सोडणाऱ्या दारूकडे) वळताना. पेट्रोलियमपासून बनलेली वंगणे तिच्या जळक्या अवशेषांत मिसळून डांबरासारखा कडक थर करतात, त्यामुळे तिथे मधमाशांचे मेण आणि प्राणिज किंवा वनस्पतिज स्निग्ध पदार्थ यांचेच मिश्रण चालते. (१८५७ साली ज्या एनफिल्ड काडतुसांवरून आपल्याकडे भडका उडाला, त्यांचे वंगणही चरबी आणि मेणाचेच होते.)

काढण्याची प्रक्रिया फक्त सुट्या गोळ्यांवर करावी. भरलेल्या काडतुसाला उष्णता किंवा द्रावक कधीही लावू नये. मधमाशांचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे बहुतेक वंगणांना उकळते पाणी पुरते. थेट आच किंवा भट्टी यांची गरज नसते, आणि पाण्यात विझवून कडक केलेल्या गोळ्या तशा तापवल्यास मऊ पडतात. सर्वांत जास्त फसगत होते ती गोळ्या बाहेर काढताना: वर तरंगणाऱ्या वितळलेल्या मेणातूनच चाळणी उचलली, की सगळ्या गोळ्या पुन्हा माखून निघतात. पाणी पूर्ण निवू द्यावे, वर गोठलेली मेणाची चकती उचलून टाकावी आणि नव्या पाण्यात हीच क्रिया पुन्हा करावी. उरलेला पुसट थर मिनरल स्पिरिटने (रंग पातळ करण्याच्या द्रावकाने), उघड्या हवेत आणि ज्वाळेपासून दूर राहून पुसावा. पेट्रोल वापरण्याचा मोह टाळावा. गोळ्या एकमेकींवर आपटून ढवळल्यास बुडाच्या कडा चेचतात आणि नेम बिघडतो.

ज्यांच्या बुडाला तांब्याची टोपी असते त्या गोळ्यांत पाणी अडकून राहते. ते नीट वाळले नाही तर दारू दमट होते, आणि अशी ओली गोळी वितळलेल्या शिशाच्या भांड्यात पडली तर पाण्याची क्षणात वाफ होऊन शिसे कारंज्यासारखे उसळते. जुन्या गोळ्यांवर पांढरी भुकटी दिसली तर ती कोरड्या ब्रशने झाडू नये, कारण शिशाच्या संयुगांची ती धूळ श्वासावाटे शरीरात जाते. वापरलेले पातेले स्वयंपाकघरात परत नेऊ नये आणि शिसेमिश्रित पाणी सिंकमध्ये ओतू नये, हे खरे तर सांगावे लागू नये.

नवे वंगण दाबयंत्राने भरताना मूळ मापाहून लहान डाय (गोळी ज्यातून दाबून मापात आणतात तो साचा) बसवल्यास गोळी बारीक होते आणि आपण पुन्हा पहिल्याच चुकीपाशी येतो. पावडर कोटिंग (वंगणाऐवजी भुकटीचा भाजून बसवलेला लेप) करायचे असेल तर मेणाचा मागमूसही उरता कामा नये, अन्यथा लेप धरत नाही. द्रव ॲलॉक्स या पातळ वंगणामध्ये गोळ्या घोळवताना बहुतेकांचा हात सैल सुटतो, पण गोळीवर फिकट पिवळसर छटा दिसली म्हणजे पुरे. जाड थर दिवसेंदिवस चिकट राहतो आणि गोळी काडतुसात बसवण्याच्या डायमध्ये साचत जातो, त्यामुळे पुढची प्रत्येक गोळी थोडी अधिक खोल बसते आणि काडतुसातला दाब नकळत वाढतो. भरणी चालू असताना मधूनमधून काडतुसाची एकूण लांबी मोजावी आणि ती घटू लागली की थांबून डाय स्वच्छ करावा.