नागपूरचा उन्हाळा एका रेषेत: तारखांच्या नोंदींचा आलेख पायथनमध्ये

मार्च ते जून रोजच्या कमाल तापमानाची नोंद असलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा तक्ता) घ्या. 'तारीख' आणि 'तापमान' हे दोनच रकाने पुरे. पायथनमध्ये पांडाज (तक्ते हाताळणारी लायब्ररी) आणि मॅटप्लॉटलिब (आलेख काढणारी लायब्ररी) लागतील. फंक्शनांची नावे इथे देवनागरीत आहेत, टाइप मात्र रोमन अक्षरांत करायची.

रेषा काढणे हे एका ओळीचे काम. खरी मेहनत तारखेच्या रकान्यात आहे. 'रीड सीएसव्ही'ने फाइल उघडली की तारखा बहुधा साधा मजकूर म्हणूनच येतात. तशाच ठेवल्या तर आलेखाखाली प्रत्येक तारखेचे लेबल छापले जाते आणि सगळी एकमेकांवर चढतात. शिवाय मधले चार दिवस गहाळ असले तरी बिंदू समान अंतरावरच बसतात. म्हणून मजकुराची खरी तारीख करणारे 'टू डेटटाइम' आधी चालवा आणि त्यात 'डेफर्स्ट', म्हणजे 'दिवस आधी', ट्रू ठेवा. आपण 03/05/2024 म्हणजे 3 मे लिहितो. तसे न सांगितल्यास पांडाज आपल्या मनाने ते 5 मार्च वाचते, आणि ऐन मे महिन्यातला आकडा होळीच्या आधी जाऊन बसतो.

तापमानाच्या चौकटीत कुणी आकड्यापुढे 'अंश' लिहिले असेल तर अख्खा रकाना मजकूर होतो. तो आधी साफ करून 'टू न्यूमेरिक'मधून काढा.

मग 'सेट इंडेक्स'ने तारीख इंडेक्स (ओळींची ओळख) करा, 'सॉर्ट इंडेक्स'ने क्रम लावा. पुढची पायरी बरेच जण गाळतात: 'रीसँपल'ला 'डी' (म्हणजे दिवस) देऊन 'मॅक्स' घ्या. दिवसातून दोनतीन नोंदी असतील तर सर्वांत मोठी उरते. ज्या दिवशी नोंदच नाही तिथे रिकामी जागा राहते आणि रेषा तुटते. तुटू द्या! न मोजलेल्या दिवसांवरून सरळ रेष ओढणे म्हणजे आकडा मनाने भरणे. दोन रिकाम्या दिवसांमधली एकटी नोंद मात्र रेषेत दिसत नाही, त्यासाठी 'मार्कर' म्हणून टिंब द्या.

आता 'सबप्लॉट्स'ने चौकट उघडून त्यावर 'प्लॉट' करा. पांडाजचा स्वतःचा 'प्लॉट' इथे नको. तो तारखांचा अक्ष आपल्या पद्धतीने धरतो आणि पुढे महिन्यांच्या खुणा लावणारा 'मंथ लोकेटर' नीट बसत नाही. उभा अक्ष शून्यापासून सुरू करायचा हट्ट स्तंभालेखाला शोभतो. इथे 25 ते 50 ठेवा, नाहीतर 38 आणि 45 अंशांतला फरक डोळ्यांत भरत नाही.

हवा असेल तर 'एएक्सव्हीस्पॅन'ने 25 मे ते 2 जून हा नवतपाचा (सर्वांत कडक ऊन पडते असे मानल्या जाणाऱ्या नऊ दिवसांचा) उभा पट्टा फिक्या नारिंगी रंगात भरा. सगळ्यात जास्त ऊन खरोखर त्याच नऊ दिवसांत पडले का, हे लगेच दिसेल. ते दर वर्षी जुळतेच असे नाही.

मराठी शीर्षक दिल्यावर अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर देवनागरी फाँट निवडा. मॅटप्लॉटलिबच्या जुन्या आवृत्त्यांत त्यानंतरही जोडाक्षरे तुटतात; तेव्हा शीर्षक आलेखाबाहेर, लेखातच लिहिणे सोपे. शेवटी चित्र जतन करणाऱ्या 'सेव्हफिग'मध्ये 'डीपीआय' (दर इंचातले ठिपके) 200 द्या, छपाईत रेषा फाटणार नाही.