वरचे पंधरा लाख टाकायचे की नाही: लक्झरी गाडीचं परफॉर्मन्स मॉडेल घेण्याआधी नागपुरात काय बघायचं

मागच्या महिन्यात मावसभाऊ घरी आला, बूट काढता काढताच मोबाइल पुढे केला, त्यात दोन कोटेशन, एक बीएमडब्ल्यू ३३०एलआयचं (साधं मॉडेल) आणि एक एम३४०आयचं (परफॉर्मन्सवालं), आणि म्हणे दादा सांग, काऊन येवढा फरक आहे अन् तो द्यायचा का. मी तीन वर्षांपासून अशीच एक सहा सिलिंडरवाली मधल्या पायरीची गाडी चालवून राहिलो, सेकंडहँड घेतलेली, त्यामुळे हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतंच. त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, आपण नक्की काय घेऊन राहिलो ते समजून घ्या, कारण बॅजवरूनच निम्मे लोक फसतात. तीन पायऱ्या असतात. बीएमडब्ल्यूचं एम स्पोर्ट, मर्सिडीजचं एएमजी लाइन, ऑडीचं एस लाइन हे फक्त कपडे, म्हणजे बंपर, स्टिअरिंग, अलॉय, इंजिन तेच साधं. मधली पायरी म्हणजे एम३४०आय, एएमजी सी ४३, ऑडीची एस मॉडेल्स, यात इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन खरंच वेगळं येतं. आणि सगळ्यात वर पूर्ण एम, एएमजी ६३, आरएस. एएमजी १९६७ साली दोन इंजिनिअरनी सुरू केली आणि बीएमडब्ल्यूची मोटरस्पोर्ट कंपनी १९७२ ची, दोघांचं मूळ काम रेसिंगचं, आणि वरच्या पायरीत ते अजूनही दिसतं. कोणी म्हणालं की माझ्याकडे एम आहे तर डिकीवर नंबर काय लिहिला आहे तो आधी वाचा.

आता फरकाचे पैसे जातात कुठे ते बघा. ३३०एलआय मध्ये दोन लिटर चार सिलिंडर, २५८ हॉर्सपॉवर, ० ते १०० ला ६.२ सेकंद. एम३४०आय मध्ये तीन लिटर सहा सिलिंडर, ३७४ हॉर्सपॉवर, ५०० न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे ओढायचा जोर), ४.६ सेकंद, चारही चाकांना ड्राइव्ह. दोन्ही चेन्नईत जुळवतात, म्हणून फरक एक्स-शोरूम साधारण १२ ते १५ लाखातच राहतो, आणि तो फरक गाडीतच जातो. मर्सिडीजमध्ये सी २०० वरून सी ४३ वर जायचं म्हटलं तर फरक चाळीस लाखाच्या आसपास जातो, कारण सी ४३ बाहेरून पूर्ण तयार होऊन येते आणि त्यातला मोठा वाटा बंदरावर ड्युटीत जातो, तुमच्या ब्रेकमध्ये नाही. म्हणून शोरूममध्ये पहिला प्रश्न हाच विचारा, ही गाडी इथे जुळवली आहे की तयार आली आहे. वरून महाराष्ट्रात २० लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स, आणि कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के, त्यामुळे एक्स-शोरूमचा फरक ऑन-रोड होईपर्यंत आणखी फुगतो. तुलना नेहमी ऑन-रोड आकड्यांचीच करा.

आता मुद्द्याचं सांगतो. माझं मत असं की ज्या गोष्टी ८० च्या स्पीडच्या खाली जाणवतात त्यांचेच पैसे वसूल होतात, बाकीचे नाही. आपली रोजची गाडी चालते कुठे, वर्धा रोड, सिव्हिल लाइन्स, धरमपेठ, रिंग रोड, तिथे ८० सुद्धा जास्तच. समृद्धीवर गेलात तरी कारला मर्यादा १२०, आणि १२० ला क्रूझ लावली की दोन्ही गाड्या सारख्याच निवांत चालतात, उलट ३३०एलआय लांब व्हीलबेसवाली, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जास्त, त्यामुळे मागे जास्त आरामशीर. ३७४ हॉर्सपॉवरचा पूर्ण जोर तुम्हाला महिन्यातून कितीदा मिळणार ते प्रामाणिकपणे मोजा. आणि निव्वळ पळायची किंमत तर आता खूपच उतरली आहे, महिंद्राची बीई ६ तीस लाखाच्या आत ६.७ सेकंदात १०० ला जाते, बीवायडी सील परफॉर्मन्स ५३ लाखाला लाँच झाली आणि ३.८ सेकंदात जाते. नुसतं सीटला पाठ चिकटली पाहिजे एवढ्यासाठी कोणी पंधरा लाख वर देत असेल तर मी स्पष्ट नाही म्हणतो.

मग ८० च्या खाली काय जाणवतं? ब्रेक पेडल. पाय ठेवला की पहिल्या अर्ध्या इंचात गाडी पकडायला लागते आणि जेवढं दाबलं तेवढीच पकडते, हे मोठ्या ब्रेकचं सुख मला रोज शंकरनगर चौकात मिळतं जेव्हा डावीकडून ऑटो अचानक कापतो. मग स्टिअरिंग, आणि सहा सिलिंडरचा तो गुळगुळीतपणा, जो चार सिलिंडर कितीही जोरदार केलं तरी येत नाही. एएमजीने सी ६३ मध्ये चार लिटरचा व्ही८ काढून दोन लिटर चार सिलिंडर आणि इलेक्ट्रिक मोटर टाकली, पॉवर ६८० हॉर्सपॉवरवर नेली, ३.४ सेकंदात १००, आणि तरी जुन्या व्ही८ वाल्यांना ती रुचली नाही, कारण ते लोक आकड्यासाठी नाही तर आवाजासाठी आणि त्या इंजिनच्या स्वभावासाठी पैसे देत होते. आणि एक जागा जिथे पॉवर खरंच कामी येते ती म्हणजे काटोल रोड किंवा उमरेड रोडसारख्या ठिकाणी ट्रकच्या मागून ओव्हरटेक, ५० वरून ९० ला जायला लागणारा वेळ कमी झाला की समोरून येणाऱ्या गाड्यांच्या बाजूला राहायचा वेळ कमी होतो. हे मला मनापासून महत्त्वाचं वाटतं, त्यासाठी मी माझे पैसे दिलेत आणि मला त्याचा पस्तावा नाही.

टेस्ट ड्राइव्ह. इथे सगळे चुकतात. सेल्समन तुम्हाला गुळगुळीत मोकळ्या रस्त्यावर नेईल, एकदा स्पोर्ट मोडमध्ये दाबून दाखवेल, तुम्ही हसत परत याल आणि चेक लिहाल. असं करू नका. गाडी तुमच्या घरापर्यंत न्या म्हणा. आपल्याकडे सिमेंट रोड झाल्यापासून कितीतरी गल्ल्यांमध्ये रस्ता घराच्या गेटपेक्षा वर गेलाय आणि प्रत्येकाने आपापला उतार बांधून घेतलाय, त्या उतारावरून गाडी आत घ्या, बाहेर काढा, आणि खिडक्या खाली ठेवून ऐका. माझ्या गाडीच्या पुढच्या बंपरचा खालचा ओठ पहिल्याच दिवशी घासला होता, तो खर्रर्र आवाज अजून कानात आहे, शेवटी गेटचा उतार फोडून नवीन बांधावा लागला. गल्लीतला सगळ्यात वाईट स्पीडब्रेकर चार माणसं बसवून ओलांडा, एकटे नाही, कारण वजनाने गाडी बसते. सस्पेन्शन कमी-जास्त कडक करायची सोय आहे का ते विचारा आणि कम्फर्ट मोडमध्येच निर्णय घ्या, रोज तुम्ही त्याच मोडमध्ये असणार.

आणि घरच्यांना मागे बसवा. मावसभावाने मावशीला नेलं. ३३०एलआय चा व्हीलबेस लांब आहे, एम३४०आय चा त्याच्यापेक्षा ११ सेंटीमीटर कमी, कागदावर काहीच वाटत नाही पण मावशीचा गुडघा दुखतो, पाय लांब करायला लागतो, आणि एम३४०आय मधून उतरताना तिला दार धरून दोनदा थांबावं लागलं. ती काहीच बोलली नाही पण याने ते बघितलं.

आता ऊन. टर्बो इंजिन गरम हवा आत ओढते तेव्हा पॉवर कमी करते, कारण गरम हवा विरळ असते आणि नॉकिंग (पेट्रोल वेळेआधीच पेटणं) होऊ नये म्हणून कॉम्प्युटर इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा दुपारी तीन वाजता ट्रॅफिकमध्ये अर्धा तास उभी राहिलेली गाडी आणि सकाळी सहाला अंबाझरीकडे निघालेली गाडी, दोन्ही एकच असून वेगळ्या वाटतात. म्हणून जमलं तर टेस्ट ड्राइव्ह भर दुपारी घ्या. पेट्रोलही बघा, या इंजिनांना किती ऑक्टेनचं (म्हणजे नॉकिंग न होणारं) लागतं ते टाकीच्या झाकणाच्या आत काय लिहिलंय त्यात वाचा आणि तुमच्या नेहमीच्या पंपावर प्रीमियम रोज मिळतं का ते विचारून ठेवा.

टायरबद्दल जरा जास्त लिहितो कारण माझं मोठं नुकसान तिथेच झालं. रात्री पारडीकडून येत होतो, पुलाच्या कामाजवळ सिमेंटचा एक उघडा कडा होता, ४० च्या स्पीडला पुढचं डावं चाक त्यावर आपटलं. काही झालं नाही असं वाटलं. सकाळी पाण्याने गाडी धुताना बघितलं तर टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा. असा फुगा आला की टायर संपला, दुरुस्ती नसते, तो घेऊन समृद्धीवर जाणं म्हणजे जिवाशी खेळ. त्या साइजचा टायर नागपुरात नव्हता, मुंबईहून यायला सहा दिवस लागले आणि गाडी तोवर जॅकवर. या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा स्टेपनी नसतेच, आणि कित्येकात पुढचे-मागचे टायर वेगळ्या रुंदीचे असतात त्यामुळे पुढचे मागे फिरवता येत नाहीत, मागचे लवकर जातात, आणि चारचा सेट लाखाच्या घरात. म्हणून बुकिंगच्या आधी साइज लिहून घ्या आणि गावातल्या दोन टायरवाल्यांना फोन करून विचारा, आज मागितला तर कधी देता. इन्शुरन्समध्ये झीरो डेप (पार्टच्या झिजेचे पैसे न कापणारं कव्हर) सोबत टायर-रिमचं कव्हर घ्याच. समृद्धीवर निघायच्या आधी टायर थंड असताना हवा तपासा, सिमेंटवर तासनतास एकाच स्पीडला टायर खूप तापतात.

सर्व्हिसचं एकच विचारा, हे इंजिन उघडणारा ट्रेन झालेला माणूस नागपुरातल्या वर्कशॉपमध्ये आहे का, की मोठं काम निघालं तर गाडी ट्रेलरवर दुसऱ्या शहरात जाणार. उत्तर लेखी मागा.

वरची पायरी, म्हणजे बीएमडब्ल्यू एम४ सारखी दीड कोटीची ५०० च्या वर हॉर्सपॉवरची गाडी, तिच्याबद्दल माझं थोडक्यात मत, ट्रॅकवर नेणार असाल तरच. आपल्या जवळ ट्रॅक नाही, चेन्नई, कोइम्बतूर, ग्रेटर नोएडा, सगळं दूर, वर्षातून दोनदा जायची तयारी आणि सवड असेल तर जरूर घ्या, ती गाडी तिथे जे देते ते दुसरं काहीच देत नाही. नाही तर ती इथे कायम गुदमरलेली राहते, आणि मला ते बघून खरंच वाईट वाटतं.

मग पंधरा लाख द्यायचे का? आठवड्यातून दोनदा तरी स्वतः चालवत असाल, हायवे असेल, मागची सीट रोजची नसेल, तर मधली पायरी घ्या, डोळे झाकून. ड्रायव्हर चालवणार असेल किंवा आई-वडील मागे बसणार असतील तर नका देऊ, ते पैसे चांगल्या सीट, सनब्लाइंड आणि एक्सटेंडेड वॉरंटीत टाका. आणि तिसरा रस्ता आहे, मला तोच सगळ्यात आवडतो, तीन-चार वर्षं जुनी मधल्या पायरीची गाडी. लक्झरी गाडीची किंमत पहिल्या तीन वर्षांत जोरात पडते, आणि नव्या साध्या मॉडेलच्या पैशात किंवा त्याहून कमीत ती मिळून जाते.

मावसभाऊ आता तिकडेच वळलाय, मावशीसाठी घरची जुनी एसयूव्ही राहणार आणि ही फक्त त्याच्या अमरावतीच्या फेऱ्यांसाठी. रविवारी एक २०२२ ची बघायला जाऊन राहिला. त्याला सांगून ठेवलंय, टायरवरचा चार आकडी कोड वाच, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, चारही टायर एकाच सुमाराचे आहेत का बघ. ब्रेक डिस्कच्या कडेला नख फिरव, ठसठशीत काठ लागला तर डिस्क झिजली. स्कॅनर लावून रिमॅप केलेली (म्हणजे पॉवर वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदललेली) आहे का ते तपासून घे, तशी असेल तर वॉरंटी विसर आणि गाडीही सोड. आणि पोचल्या पोचल्या, कोणाशी बोलायच्या आधी, बोनटवर हात ठेव, गरम लागला तर कोल्ड स्टार्ट (थंड इंजिन पहिल्यांदा चालू करणं, तेव्हाच त्याच्या खोडी कळतात) कोणीतरी आधीच करून ठेवलाय, चहा घे, दोन-तीन तास थांब आणि इंजिन थंड झाल्यावर स्वतः चालू कर.