सीएसव्ही डेटाबेसात घेताना कॉलमचा टाइप कसा ओळखायचा

गिरगावातल्या एका चाळीची रहिवाशांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये (साधा मजकूर, रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेले) माझ्याकडे आलेली, खोली नंबर ३/४, ५/२ असे लिहिलेले, आणि मधे कुणीतरी ती एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली तर ३/४ चं झालं ३ एप्रिल. परत मूळ फाइल मागवावी लागली. तेव्हापासून एकच पद्धत पाळतो, आधी सगळं टेक्स्ट म्हणूनच आत घ्यायचं आणि टाइप, म्हणजे कॉलमात आकडा आहे, तारीख आहे की नुसता मजकूर, ते नंतर ठरवायचं.

पांडाजमध्ये (पायथॉनची डेटा हाताळायची लायब्ररी) फाइल वाचताना डीटाइप (dtype, म्हणजे कॉलमचा टाइप) स्ट्रिंग म्हणजे टेक्स्ट द्या, नाहीतर ०२२ च्या लँडलाइनचा पहिला शून्य उडतो आणि एखादा पिनकोड रिकामा असला की बाकीचे ४०००२८.० असे दिसायला लागतात. डकडीबी हा डेटाबेस (DuckDB) स्वतःहून टाइप ओळखतो आणि बरंच चांगलं ओळखतो, पण डिफॉल्टला पहिल्या २०,४८० ओळींच्या सँपलवरून, म्हणजे फाइल मोठी असेल आणि आकड्यांच्या कॉलमात खूप खाली कुठेतरी 'बी-१२' आलं तर इम्पोर्ट अडकतो. सँपल साइज (sample_size) -१ केलं की पूर्ण फाइल बघतो, किंवा सरळ ऑल व्हारकॅर (all_varchar, म्हणजे सगळे कॉलम टेक्स्ट) चालू करा.

आता प्रत्येक कॉलम तपासायचा. डकडीबीत ट्राय कास्ट (TRY_CAST, टेक्स्टला दुसऱ्या टाइपमध्ये बदलून बघणं) वापरा, जे बसत नाही ते नल म्हणजे रिकामं होतं, मग मूळ किंमत भरलेली आहे पण कास्ट नल आलंय अशा ओळी काढून डोळ्यांनी बघा, खरी गंमत तिथेच कळते. १,२५,००० मधले स्वल्पविराम आधी काढून टाका. एस्क्यूलाइट (SQLite) या दुसऱ्या डेटाबेसवर मात्र कास्टच्या भरवशावर राहू नका, तिथे आकड्यात बदलताना ते '१२ए' चं गुपचूप १२ करतं, एररसुद्धा देत नाही.

तारखेला जास्त वेळ द्या. ०३/०४/२०२४ एकटी बघून ३ एप्रिल की ४ मार्च सांगता येत नाही, पण त्याच कॉलमात २५/०४/२०२४ असेल तर पहिला आकडा दिवसाचा. ०४/२५/२०२४ पण सापडली तर दोन ठिकाणचा डेटा एकत्र झालाय, तिथे अंदाज न लावता फाइल देणाऱ्याला फोन करा.

आणि ज्याची बेरीज कधीच करणार नाही, म्हणजे मोबाइल, आधार, पिनकोड, खाते क्रमांक, ते सगळे आकडेच असले तरी टेक्स्टच ठेवा. टेक्स्टवालं कच्चं टेबल लगेच ड्रॉप करू नका (उडवू नका), मोजणी जुळेपर्यंत राहू दे.